तारणहाराची शिकवणी

नगरपालिकेच्या तरण तलावावर पोहायला शिकवणाऱ्या बाईंबद्दल सगळ्या शहराला एक गोष्ट ठाऊक होती, आणि ती साफ खोटी होती. गोष्ट अशी, की बाई नऊ वर्षांच्या असताना नदीत बुडत होत्या, आणि शूटिंगसाठी आलेल्या एका सिनेमाच्या नायकाने मागचापुढचा विचार न करता अंगावरच्या कपड्यांनिशी उडी टाकून त्यांना वाचवलं. त्या दिवसापासून लोक त्या नायकाला 'तारणहार' म्हणायला लागले. पुढे त्याचे सिनेमे आले नि गेले, केस पिकले, गुडघे गेले, पण ते नाव काही गेलं नाही.

खरं घडलं ते असं. बाईंचे वडील होडीवाले. नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसं, सायकली, कधी एखादी शेळी पोहोचवायची, हा त्यांचा धंदा. लेक चालायला लागली त्याच सुमाराला पोहायला लागली, म्हणून ते तिला लाडाने 'बदक' म्हणत. शूटिंगवाल्यांनी त्यांची होडी भाड्याने घेतली होती, आणि बदक रोजच्यासारखी होडीच्या मागच्या टोकाला पाय सोडून बसली होती. नायकाच्या अंगात जाड कोट, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. कॅमेऱ्याकडे बघत रुबाबात पुढे यायचं, एवढंच त्याला काम होतं. त्याने रुबाबात पाऊल टाकलं, आणि ते नेमकं होडीच्या बाहेर पडलं.

पाण्यात पडल्या पडल्या तो ज्या तऱ्हेने हात झाडायला लागला, ते बघूनच बदकाने ओळखलं, ह्याला पोहता येत नाही. वडील पुढच्या टोकाला वल्हं धरून होते. ते वळेपर्यंत तिने होडीतली हवा भरलेली ट्यूब पाण्यात ढकलली आणि मागोमाग स्वतः उतरली. बुडणाऱ्याच्या समोरून कधी जायचं नाही, तो गळ्याला मिठी मारतो, हे वडिलांनी तिच्या डोक्यात पक्कं भरवलं होतं. ती मागून गेली, कोटाची कॉलर धरली, ट्यूब त्याच्या काखेखाली सारली आणि काठाच्या दिशेने पाय मारत राहिली. पाणी कमरेएवढं झालं तसे नायकाचे पाय जमिनीला टेकले. पण गडी इतका भेदरलेला, की हाताशी जे लागलं होतं ते सोडायला तयार नव्हता, आणि हाताशी लागली होती बदक. तिला तसंच छातीशी कवटाळून तो काठावर चढला. ट्यूब मागच्या मागे वाहून गेली. आणि काठावरच्या फोटोग्राफरने नेमका तेव्हा खटका दाबला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत तोच फोटो. केस कपाळावर आलेला, चिंब भिजलेला देखणा नायक आणि त्याच्या कडेवर एक चिमुरडी. कडेवरच्या पोरीने कडेवर घेणाऱ्याला ओढून आणलंय, असं त्या फोटोकडे बघून कोण म्हणेल?

मग गोष्टीला पाय फुटले. आधी नदीला पूर आला. मग वादळ सुटलं. काही वर्षांनी पाण्यात एक मगरही आली, जी त्या नदीत कुणी जन्मात बघितली नव्हती. मुलगी अनाथ होती, तारणहाराने तिला शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं, असंही लोक सांगायचे. एकदा दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड वासून पडलेल्या बाईंना डॉक्टरांनी हळहळत ऐकवलं, की एवढं करूनही ती मुलगी बिचारी काही जगली नाही. आपण जिवंत आहोत, हेसुद्धा तोंडात अवजारं असल्यामुळे बाईंना सांगता येईना.

बाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्याच. शाळेत त्यांनी खरं सांगितलं, तर शिक्षिकेने खोटं बोलते म्हणून तासभर वर्गाबाहेर उभं केलं. पुढे तलावावर नोकरी लागली तेव्हा त्यांनी सहकाऱ्यांना सांगितलं, शिकायला येणाऱ्यांना सांगितलं, अधूनमधून टपकणाऱ्या वार्ताहरांनाही सांगितलं. वार्ताहर मान डोलवायचे आणि लिहायचे, 'त्या धक्क्यामुळे आजही त्यांना तो प्रसंग नीट आठवत नाही.' तलावाचे पंप सांभाळणाऱ्या मेकॅनिकने मात्र पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पाना खाली ठेवून नुसतं म्हटलं, "असणार. तुमची पकड बघितलीये मी." बाईंनी त्याच्याशी लग्न केलं.

सगळ्यात मोठं दुखणं होतं ते घरातच. बाईंची आई. त्या दिवशी ती काठावर धुणं वाळत घालत होती, तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं बघितलं होतं. तरी दारात पाहुणा आला, की ती भिंतीवर लावलेल्या त्याच फोटोकडे बोट दाखवून पुरासकट, वादळासकट गोष्ट सांगायची.

"आई, तू होतीस ना तिथे?" बाई चिडून विचारायच्या.

"होते की. म्हणून तर लोक मला विचारतात," आई म्हणायची आणि पाहुण्यापुढे चहा सरकवायची.

अशी वर्षं गेली. बाईंनी पन्नाशी ओलांडली. शहरातल्या निम्म्या लोकांना पाण्यावर तरंगायला त्यांनी शिकवलं. त्यांचा आवाज तलावाच्या या टोकाहून त्या टोकाला शिट्टीशिवाय पोहोचायचा, आणि क्लोरिनचा वास त्यांच्या केसांतून सुट्टीच्या दिवशीही जायचा नाही. तारणहाराचं नाव निघालं की त्या आता फक्त म्हणत, "उलटं आहे ते," आणि पुढच्या कामाला लागत.

आणि एके दिवशी दुपारच्या वेळी, तलाव साफसफाईसाठी बंद असताना, एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत फाटकातून आत आले. डोक्याला टोपी, डोळ्यांना काळा चष्मा. आदल्या दिवशी त्यांच्या सेक्रेटरीचा फोन येऊन गेला होता, की साहेबांचे गुडघे दुखतात, डॉक्टरांनी पाण्यातला व्यायाम सांगितलाय, पण गर्दी नको. साहेब कोण, ते त्याने सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. चष्मा काढायच्या आधीच बाईंनी ओळखलं. तीच मान होती, कॉलर धरून मागून बघितलेली.

साहेब काठापासून चांगले चार हात लांब उभे राहिले.

"खोल आहे का?" त्यांनी विचारलं. हजारो लोकांच्या अंगावर काटा आणणारा तो आवाज जरासा चिरका झाला होता.

"या बाजूला तुमच्या कमरेएवढं."

"शहरात आणखी तलाव आहेत. मी मुद्दाम तुमचा शोधून आलो." साहेब जरा थांबले. "तुम्ही इतकी वर्षं गप्प राहिलात, माझी लाज राखलीत. त्याचे आभार कसे मानू, कळत नाही."

"गप्प?" बाई म्हणाल्या. "साहेब, मी एक दिवस गप्प बसले नाही. जो भेटला त्याला सांगत सुटले. एकानेही विश्वास ठेवला नाही. नवरा सोडून."

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांना हसू फुटलं, आणि ते इतकं आवरेना की हातातली काठी फरशीवर घसरली. ती पकडायला बाईंनी हात पुढे केला आणि त्यांनाही हसू आलं.

हा माणूस कधी समोर आला तर त्याला काय काय सुनवायचं, याची बाईंनी तरुणपणी चांगली तयारी करून ठेवली होती. पण थोड्या वेळाने ते पोहायच्या कपड्यांत शिडीशी उभे राहिले, काटकुळे पाय लटलट कापताहेत आणि बोटं कठड्यावर पांढरी पडलीयेत, हे बघितल्यावर बाईंपुढे तारणहार वगैरे कुणी उरलाच नाही. समोर होता एक घाबरलेला नवा विद्यार्थी. असे त्यांनी पुष्कळ बघितले होते.

"त्या दिवसापासून पाण्यात पाय घातलेला नाही," साहेब म्हणाले. "सिनेमात पाणी आलं की दुसरा माणूस उडी मारायचा. मी नुसता ओला होऊन यायचो."

"मग तेव्हाच सांगायचं होतं की."

"निर्माता म्हणाला, सिनेमा लागेपर्यंत थांबा. सिनेमा लागला, तर लोक पाया पडायला यायला लागले. एका बाईने मुलाला माझं नाव ठेवलं. तिला काय सांगणार होतो? मग एकेक वर्ष तसंच गेलं."

"बसा पायरीवर," बाई म्हणाल्या. "आज फक्त बुडबुडे काढायचे. तोंड पाण्यात, श्वास बाहेर."

साहेब चिवट निघाले. आठवड्यातून तीनदा यायचे, वेळ चुकवायचे नाहीत. त्यांची अडचण एकच होती. पाण्यात उतरले की ते पोहण्याचा अभिनय करायचे. हात असे डौलात फिरवायचे, मान अशी झोकात वळवायचे, की बघणाऱ्याला वाटावं आत्ता समुद्र पार करून आले. आणि तेवढ्यात बुडायचे.

"साहेब, अभिनय नको," बाई त्यांना वर काढत म्हणायच्या. "पाण्याला कळत नाही."

उताणं तरंगायला शिकवताना बाईंनी त्यांच्या डोक्याखाली तळहात धरला. साहेब छान तरंगायला लागले. बाईंनी हात काढून घेतला. साहेब तरंगतच होते.

"हात आहे ना?" त्यांनी वर बघत विचारलं.

"नाही."

झालं, साहेब गडप. दुसऱ्या खेपेला बाईंनी उत्तरच दिलं नाही, आणि ते पांढरं डोकं आपोआप पाण्यावर टिकून राहिलं. बाहेर आल्यावर साहेबांनी टॉवेल गुंडाळून घेतला. मग म्हणाले, "आता मला सगळ्यांना सांगायचंय. तुम्ही सांगून विश्वास बसत नसेल, पण मी सांगितलं तर बसेल ना?"

बाईंना पटलं. खुद्द माणूसच सांगतोय म्हटल्यावर शंका कुठली उरणार?

एका मोठ्या वर्तमानपत्राच्या वार्ताहर तरुणीला बोलावलं. तलावाकाठी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. साहेबांनी काही हातचं राखलं नाही. पाय कसा घसरला, बूट कसे भरले, पोरीने मागून कॉलर कशी धरली, फोटोत आपण तिला उचललेलं नाही तर घट्ट धरून ठेवलंय, इथपर्यंत सगळं सांगितलं. बाई मधेमधे मान हलवत होत्या. शेवटी साहेब म्हणाले, "मला पोहता येत नाही. आत्ता शिकतोय. ह्या शिकवतात." वार्ताहर तरुणीचे डोळे पाण्याने भरले. तिने दोघांचे हात हातात घेतले, आभार मानले आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी मथळा आला, 'उपकाराचं श्रेयही नाकारणारा तारणहार'. खाली लिहिलं होतं, की ज्या मुलीचा जीव वाचवला तिला आयुष्यभर उपकाराचं ओझं वाटू नये, म्हणून हा थोर कलावंत आज स्वतःलाच बुडणारा म्हणवून घेतो. इतकंच नाही, तर तिचा मान वाढावा म्हणून या वयात तिच्याकडे पोहायला शिकण्याचं नाटकही करतो.

बाईंनी पेपर वाचून टेबलावर आपटला. नवरा पोट धरून हसत होता. त्या दुपारी साहेब आले ते पाय आपटतच, म्हणजे गुडघे जेवढं आपटू देत होते तेवढं.

"नाटक?" ते म्हणाले. "नाकातोंडात पाणी गेलं, ते नाटक? मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं हो!"

"आता कळलं मला काय वाटत असेल ते?" बाई म्हणाल्या.

साहेब खुर्चीत बसले. जरा शांत झाल्यावर म्हणाले, "त्या दिवशी आणखी कुणी बघणारं होतं का? जिवंत असं?"

"आई आहे. पण तिचं काही विचारू नका. तिच्या गोष्टीत आता दोन मगरी आहेत."

साहेबांनी हट्टच धरला. शेवटी एका रविवारी बाई त्यांना घरी घेऊन गेल्या. आईने त्यांना आरामखुर्चीत बसवलं, बिस्किटं पुढे केली, निरखून बघितलं.

"बूट फार जड होते तुमचे," आई म्हणाली.

बाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या, तिथेच थबकल्या.

"म्हणजे तुम्हाला आठवतंय, ताई?" साहेब पुढे सरकले.

"न आठवायला काय झालं? पाय घसरला तुमचा. ह्यांना वल्हं टाकून वळेपर्यंत हिने निम्म्या वाटेत आणलं होतं तुम्हाला. कॉलर धरून. कुत्र्याचं पिल्लू आणावं तसं."

"आई!" बाईंच्या तोंडून निघालं. "मग आयुष्यभर लोकांना ते पूर नि वादळ का सांगत बसलीस?"

आईने लेकीकडे बघितलं नाही. बिस्किटांची बशी सारखी करत ती साहेबांनाच सांगत राहिली. "शाळेतून ही रडत आली. शाळेतल्या बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं म्हणून. खोटारडी म्हणाल्या. मी शाळेत गेले भांडायला, तर मलाही तेच म्हणाल्या. आई तशी लेक. घरी आले नि ठरवलं, लोकांना हवी ती गोष्ट मी सांगते. त्या गोष्टीत निदान माझ्या लेकीला खोटारडी तर कुणी म्हणत नाही. हिने खरं सांगावं, मी खोटं सांगावं. घर चाललं की नाही नीट?"

बाई येऊन आईच्या खुर्चीच्या हातावर बसल्या. रागवायचं की काय करायचं ते त्यांना कळेना. मग त्यांनी आईचा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि तो तसाच धरून बसल्या. साहेबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"दोन मगरी मात्र जास्त झाल्या," बाई म्हणाल्या.

"दुसरी ह्या वर्षीच आणली," आई म्हणाली. "लोक कंटाळायला लागले होते."

घरून निघताना बाईंनी साहेबांना सांगून टाकलं, "आता लपूनछपून दुपारी यायचं बंद. सकाळच्या बॅचला या. शिकायला चार माणसं बरोबर असली की भीती लवकर जाते."

सकाळची बॅच म्हणजे गुडघेवाल्यांची बॅच. त्यात बँकेतून निवृत्त झालेली कॅशियर, बेकरीवालीण, आणि मानेचं दुखणं घेऊन आलेली शिंपीणबाई. साहेब पहिल्या दिवशी पाण्यात उतरले तेव्हा तिघी कोपऱ्यात घोळका करून कुजबुजायला लागल्या.

"चेहरा तस्साच आहे गं," कॅशियर म्हणाली.

"आवाजही," बेकरीवालीण म्हणाली.

शिंपीणबाईंनी कापडाचं माप घ्यावं तसं साहेबांना डोक्यापासून पाण्याच्या रेषेपर्यंत पाहून घेतलं. "काहीतरीच काय! तारणहार पुरात उडी मारणारा माणूस. ह्यांना बघा, कमरेएवढ्या पाण्यात कठडा सुटेना. पेपरातला तारणहार शिकायचं नाटक करतो, ह्यांची भीती तर खरी आहे. दिसायला सारखे आहेत, एवढंच."

हे बाकीच्या दोघींना लगेच पटलं. साहेबांनी एकदा सांगून बघितलं, की मी तोच. त्यावर बेकरीवालिणीने त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाली, "हो हो, आमच्या दुकानातलं एक गिऱ्हाईक स्वतःला राजा म्हणवतं. तुम्ही पाय मारा."

मग साहेबांनी सांगणं सोडून दिलं. तिघींनी त्यांना 'डुप्लिकेट' असं नाव ठेवलं आणि आपल्यात घेतलं. त्यांचे हात चुकले की ओरडायच्या, टॉवेल धरायला लावायच्या, घरून आणलेल्या पावाचा तुकडा मोडून द्यायच्या. कुणी सही मागायचं नाही, पाया पडायचं नाही, की डोळे भरून बघायचं नाही. साहेबांची पाठ हळूहळू सैल पडली आणि ते हात फिरवण्यातला डौल विसरले. वेडेवाकडे, मान वर काढून, फुरफुरत, पण पोहायला लागले.

थंडी सुरू व्हायच्या सुमारास एका सकाळी त्यांनी स्वतःहून खोल बाजूकडे बोट दाखवलं. बाईंनी मानेनेच होकार दिला आणि त्या काठाने त्यांच्या बरोबरीने चालत राहिल्या, लांब काठी हातात धरून, पण पुढे न करता. मधे एकदा साहेबांच्या नाकात पाणी गेलं. ते थांबले, जागच्या जागी पाय मारत खोकले, काठाकडे बघितलं आणि पुढे निघाले. पलीकडच्या कठड्याला हात लागला तशा तिघी जणी टाळ्या पिटायला लागल्या.

"बाई, तुम्ही तर लहानपणी त्यांना जवळून बघितलंय," शिंपीणबाईंनी विचारलं. "खरं सांगा, हे तेच आहेत का हो?"

"तेच आहेत," बाई म्हणाल्या.

तिघी एकमेकींकडे बघून हसल्या. बाईंना चेष्टा करायची सवय आहे, हे त्यांना आता माहीत झालं होतं. पलीकडे साहेब कठड्याला लटकून धापा टाकत होते, चेहरा लाल झाला होता, आणि ते बाईंकडे बघत होते. काहीतरी कौतुक ऐकायला मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी.

"डावा पाय आळशी आहे अजून," बाईंनी ओरडून सांगितलं. "या, परत या इकडे."